काय घेतलं, ते डॉक्टरांना सांगा

फवारणी करताना कुणाला चक्कर आली, तोंडाला फेस आला, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर त्याला दवाखान्यात नेताना औषधाचा डबाही सोबत घ्यायचा, हे वऱ्हाडातल्या कापूस पिकवणाऱ्या गावांना आता फारसं समजावून सांगावं लागत नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यांत भरती झाले. डब्यावरचं नाव वाचलं की डॉक्टरांना दिशा मिळते. ॲट्रोपीन द्यायचं की नाही, किती द्यायचं, हृदयाच्या ठोक्यांवर किती वेळ नजर ठेवायची, हे सगळं त्या नावावर ठरतं.

नशेच्या पदार्थाशी गाठ पडली की मात्र हेच शहाणपण आपल्याला सुचत नाही. विशी-पंचविशीतला मुलगा छाती धरून बसलेला असतो, घामानं भिजलेला असतो. मित्र एकमेकांना बजावतात, "घरी नको सांगजो बे." आई केसपेपर काढताना कळवळून सांगते, "माह्या पोराले काहीच व्यसन नाही जी." डॉक्टर ईसीजी काढतात आणि कागदावर उमटलेल्या खुणांचं कारण शोधत राहतात. ते कारण ठाऊक असलेला माणूस खोलीबाहेर गप्प उभा असतो. कोकेन हृदयाच्या विजेचं काय करतं हे एकदा नीट समजलं, तर हे गप्प राहणं किती महागात पडू शकतं ते लक्षात येईल. म्हणून हा लेख.

अचलपूर-परतवाड्याला कोकेनचं काय, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. ज्या कोका झुडपाच्या पानांपासून कोकेन काढतात ते दक्षिण अमेरिकेत, कोलंबिया, पेरू, बोलिव्हिया या देशांत होतं. आपल्याकडे ते चोरट्या वाटेनं येतं, फार महाग असतं आणि मोठ्या शहरांत फिरतं. पण आपली मुलं त्याच शहरांत आहेत. बारावी झाली की पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर. दिवाळीला घरी येतात, मित्रांसोबत चिखलदऱ्याला जातात, आणि तिथल्या सवयी सोबत घेऊन आलेल्या असतात किंवा नसतात. आईबापांना ते कळायला मार्ग नसतो. शिवाय मेफेड्रोन, ज्याला पोरं 'एमडी' म्हणतात, ते तर महाराष्ट्रातच तयार होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून शेकडो किलो एमडी पकडलं. एमडी हे वेगळं रसायन आहे, पण हृदय पळवणं आणि रक्तदाब चढवणं हे तेही करतं. पुढे दवाखान्यात नेण्याबद्दल जे लिहिलं आहे ते दोन्हींना लागू धरावं.

आता हृदयाकडे येऊ. ठोका म्हणजे आधी वीज आणि मग आकुंचन. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक बारीकशी गाठ असते, सायनस गाठ. तिथं मिनिटाला 60 ते 100 वेळा विजेची लहर उठते. ती वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरते, मधल्या गाठीत क्षणभर रेंगाळते, म्हणजे तेवढ्यात वरचं रक्त खाली उतरतं, आणि मग खास तंतूंच्या जाळ्यातून खालच्या कप्प्यांच्या भिंतींत धावते. ही वीज तारेतून येणारी नव्हे. पेशींच्या पडद्यातून क्षारांचे भारित कण आत-बाहेर करतात, त्यातून ती निर्माण होते. पडद्यातली सोडियमची दारं उघडली की सोडियम झपकन आत शिरतं आणि पेशी उद्दीपित होते. मग पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पुन्हा शांत होते, पुढच्या लहरीसाठी तयार होते.

ईसीजीच्या कागदावर हे दोन्ही दिसतं. मधोमध उंच, टोकदार खूण उमटते ती खालच्या कप्प्यांच्या उद्दीपनाची. तिला क्यूआरएस म्हणतात. निरोगी माणसात ती साधारण 80 ते 100 मिलिसेकंदांत आटोपते. ही खूण सुरू झाल्यापासून पेशी पुरत्या शांत होईपर्यंतचं जे अंतर, ते क्यूटी. एवढी दोन नावं लक्षात ठेवली तरी पुरे.

कोकेन सोडियम आणि पोटॅशियम या दोन्ही दारांत पाय घालतं. 1884 साली व्हिएन्नामधल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरनं कोकेनचे थेंब डोळ्यात घालून डोळा बधिर होतो हे दाखवून दिलं आणि शस्त्रक्रियेत नवं पर्व सुरू झालं. बधिरता येते ती कोकेन मज्जातंतूंमधली सोडियमची दारं बंद करतं म्हणून. दुखण्याचा निरोप पुढे जातच नाही. दाढ काढण्याआधी दंतवैद्य हिरडीत जे लिग्नोकेन टोचतात तेही याच रीतीनं काम करतं. पण कोकेन नाकावाटे किंवा धुरावाटे रक्तात गेलं की ते हिरडीपुरतं थांबत नाही, हृदयातल्या सोडियमच्या दारांशीही जाऊन बसतं. लहर संथ पसरू लागते, क्यूआरएस रुंद होत जातो. 120 मिलिसेकंदांच्या पुढे तो गेला की डॉक्टर सावध होतात.

यातला सगळ्यात घातक भाग असा. हे दार बंद होणं ठोक्यांच्या वेगावर अवलंबून असतं: हृदय जितकं जोरात पळतं, तितकी ही अडवणूक घट्ट होते, कारण कोकेनला दारावरून सुटून जायला दोन ठोक्यांमध्ये वेळच उरत नाही. आणि हृदयाला पळवणारंही कोकेनच. शरीरात तातडीच्या प्रसंगी नॉरॲड्रिनालिन नावाचं रसायन सुटतं आणि काम झालं की मज्जातंतू ते परत ओढून घेतात. कोकेन ही परतीची वाट बंद करतं. रसायन तिथंच साचत राहतं, ठोके 130, 150 वर जातात, रक्तदाब चढतो. म्हणजे एकीकडून हृदयाला पळायला लावायचं आणि पळणाऱ्या हृदयात वीज पसरूही द्यायची नाही, अशी ही दुहेरी कोंडी असते. त्यात माणूस बेभान होऊन धडपडत असेल, झटके येत असतील, अंग तापलं असेल, तर रक्तात आम्ल वाढतं आणि आम्ल वाढलं की ही अडवणूक आणखी पक्की होते. क्यूआरएस रुंद झालेल्या रुग्णाला शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देतात ते यासाठी. त्यानं आम्लही उतरतं आणि सोडियमही वाढतं.

पोटॅशियमच्या दारांवर कोकेन बसलं की दुसराच घोटाळा होतो. पेशी शांत व्हायला उशीर लागतो, क्यूटी लांबतो. आधीच्या ठोक्यातून पेशी पुरत्या सावरलेल्या नसताना नवी लहर येऊन आदळली तर खालचे कप्पे स्वतःच्याच वेड्यावाकड्या लयीत जाऊ शकतात. मग आकुंचन होत नाही, नुसती थरथर होते, मेंदूला रक्त मिळत नाही आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. नाचताना, हसत-बोलत असताना अचानक खाली पडणं, ते हे.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांवरही वेगळा मार बसतो. त्या आकसतात, त्यांत गुठळी होण्याचा कल वाढतो, आणि नेमक्या त्याच वेळी पळणाऱ्या हृदयाला जास्त प्राणवायू हवा असतो. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या 24 पट आढळला. सोबत सिगरेट असेल तर धमन्या आणखी आकसतात. दारू असेल तर यकृतात कोकेन आणि दारू मिळून कोकाएथिलीन नावाचं तिसरंच रसायन बनतं. ते कोकेनपेक्षा जास्त वेळ रक्तात टिकतं आणि हृदयाला जास्त जाचक ठरतं. पार्टीत हे तिन्ही एकत्र असणं हीच सामान्य गोष्ट आहे.

"जवान आहे, त्याला काय होतंय?" हा समज इथं अजिबात धरू नये. लेन बायस हा अमेरिकेतला बास्केटबॉलपटू 22 वर्षांचा होता, शरीरानं धडधाकट. 17 जून 1986 रोजी बोस्टन सेल्टिक्स या नामांकित संघानं त्याची निवड केली. दोन दिवसांनी तो गेला. कोकेनमुळे हृदयाची लय बिघडली होती. धमन्यांमध्ये चरबी साचायला वर्षं लागतात, विजेचा घोळ व्हायला ती साचावी लागत नाही. पहिल्याच वेळी काही होत नाही हाही समज खरा नाही. ज्याच्या हृदयाची विजेची घडण जन्मतःच थोडी नाजूक आहे, त्याला ते ठाऊकही नसतं.

प्रसंग आलाच तर काय करायचं? मुलगा चिखलदऱ्याला असो, घरी असो की पुण्यातल्या खोलीवर, छातीत दुखतंय, दडपण येतंय, धडधड थांबत नाही, श्वास पुरत नाही, डोळ्यांपुढे अंधारी आली, यातलं काहीही नशेनंतर झालं तर 'उतरली की ठीक होईल' म्हणून वाट पाहू नका. 108 ला फोन करा. चिखलदऱ्याच्या घाटात असाल तर स्वतः गाडी चालवत अमरावतीपर्यंत जाण्याचा हट्ट धरू नका. अमरावती अचलपूरहून सुमारे 50 किलोमीटर आहे आणि घाटाची वाट त्याच्याही अलीकडची. ईसीजी आणि शिरेतून औषध देण्याची सोय असलेला सगळ्यात जवळचा दवाखाना गाठा, पुढे कुठं हलवायचं ते तिथले डॉक्टर ठरवतील. ज्याला त्रास होतोय त्याला चालवू नका, जिने चढवू नका.

अंग तापलं असेल तर कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं पुसा, वारा घाला. त्याला चार जणांनी दाबून धरू नका. तो जितका झगडेल तितकं आम्ल वाढेल, हे वर आलंच आहे. हळू आवाजात बोला, दिवे आणि गाणी बंद करा. झटके आले तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ द्या, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका. कांदा नाहीतर चप्पल हुंगवणं, लिंबूपाणी किंवा दही पाजणं, उलटी करायला लावणं यानं कोकेन उतरत नाही, वेळ तेवढा जातो आणि बेशुद्ध माणसाच्या श्वासनळीत पाणी उतरू शकतं.

कोसळला, हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही असं दिसलं तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा. पाठीवर कडक जमिनीवर निजवा, छातीच्या मधोमध तळहाताचा टाचेकडचा भाग ठेवा, त्यावर दुसरा हात, कोपर सरळ. मिनिटाला 100 ते 120 वेळा, साधारण 5 सेंटिमीटर खोल. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. थकाल, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. हे एकदा तरी सरावानं शिकून घ्यावं असं मला फार वाटतं. कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक दुपार यासाठी सहज काढता येईल.

घरातल्या गोळ्यांबद्दल. हात थरथरणं, अर्धशिशी, परीक्षेची धास्ती यासाठी काही घरांत प्रोप्रॅनोलॉल असतं. 'धडधड कमी करते' म्हणून ती गोळी देऊ नका. कोकेनच्या भरात अशा गोळीनं ठोके कमी होतीलही, पण धमन्या आकसवणारा परिणाम मोकळा सुटू शकतो. डॉक्टरांमध्ये या मुद्द्यावर मतभेद आहेत, तरी कोकेन ताजं असताना ही औषधं टाळावीत असाच सर्वसाधारण रिवाज आहे. आजोबांची जिभेखालची सॉर्बिट्रेटही आपल्या मनानं देऊ नका. मुलानं त्या रात्री सिल्डेनाफिल, म्हणजे लैंगिक उत्तेजनेची गोळी, घेतलं असेल तर दोन्हींनी मिळून रक्तदाब धोकादायक उतरतो, आणि सिल्डेनाफिलबद्दल तर पोरं कोकेनपेक्षाही जास्त लपवतात.

आता दवाखान्यातलं बोलणं. डॉक्टरांना तीन-चार वाक्यांत सांगायचं आहे: काय घेतलं, किती वाजता घेतलं, कसं घेतलं, सोबत दारू किंवा दुसरी कुठली गोळी होती का. पुडी, वेष्टण, उरलेली गोळी सापडली तर ती दाखवा. 'कोकेन म्हणून दिलं होतं, पण नक्की माहीत नाही' एवढंही उपयोगी आहे, कारण विकणारे त्यात लिग्नोकेन, लेव्हामिसोल असलं काहीही मिसळतात. हे सांगितल्यानं उपचार सरळ बदलतात. छातीत दुखणाऱ्या साध्या रुग्णाला जे औषध दिलं जाईल, त्याऐवजी इथं बऱ्याचदा आधी मन आणि शरीर शांत करणारं बेंझोडायझेपीन गटातलं औषध दिलं जातं. त्यानं ठोके, रक्तदाब, झटके, ताप सगळंच खाली यायला मदत होते. उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉन, बेभान रुग्णासाठी हॅलोपेरिडॉल, घसा दुखतो म्हणून आधीपासून चालू असलेलं ॲझिथ्रोमायसिन ही सगळी क्यूटी लांबवू शकणारी औषधं आहेत. क्यूटी आधीच लांबला असण्याची शक्यता आहे हे कळलं, तर डॉक्टर दुसरा पर्याय निवडतात किंवा आधी ईसीजी बघतात. नाव सांगितलं नाही तर त्यांना हे सुचायचं कसं?

वऱ्हाडातल्या सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टरांना विषानं बिघडलेला ईसीजी नवा नाही. फवारणीच्या औषधांनी क्यूटी लांबतो, बिट्टीच्या म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या बिया पोटात गेल्या तर ठोके संथ होतात, मधल्या गाठीतच लहर अडते. हातात अनुभव आहे. फक्त नाव कळायला हवं.

पहिला ईसीजी चांगला आला म्हणून घरी परतण्याची घाई करू नका. कोकेननंतर छातीत दुखणाऱ्या रुग्णाला साधारण 9 ते 12 तास देखरेखीखाली ठेवून ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी पुन्हा करण्याची पद्धत आहे. उलटही घडतं: धडधाकट तरुणांच्या ईसीजीत काही रेषा मुळातच उंचावलेल्या असतात आणि त्या हृदयविकाराच्या झटक्यासारख्या दिसतात. म्हणून मुलाचा आधीचा एखादा ईसीजी, नोकरीच्या वेळच्या तपासणीतला का असेना, मोबाइलमध्ये असेल तर तो दाखवा. तुलना करायला त्याच्याइतकं काही नाही.

पोलिसांची भीती खरी आहे, ती उडवून लावण्यात अर्थ नाही. विषबाधेच्या रुग्णाची नोंद दवाखान्यात वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून होऊ शकते. अमली पदार्थांचा कायदा 1985 चा. त्याच्या कलम 27 नुसार कोकेनच्या सेवनाला एक वर्षापर्यंतची सक्तमजुरी किंवा 20 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण त्याच कायद्यात कलम 64-क आहे. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असेल आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेऊ लागला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेतात. कोकेनचं अल्प प्रमाण कायद्यानं 2 ग्रॅम धरलं आहे. वकिलाचा सल्ला दुसऱ्या दिवशी घेता येतो. त्या रात्री डॉक्टरांपासून नाव लपवलं तर दुसऱ्या दिवसाचीच खात्री उरत नाही.

दवाखान्यातून सुटल्यावर बाप बहुतेक वेळा मारतो किंवा बोलणंच टाकतो. दोन्हींतून मुलगा पुन्हा त्याच मित्रांकडे जातो. त्याऐवजी 14446 हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक किंवा मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानसचा 14416 फिरवावा. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे, तिथं कुटुंबालाही सोबत घेऊन काम चालतं. मुलगा पुण्यातच राहत असेल तर तेच सोयीचं.

आणखी एक तपासणी विसरू नये. कोकेन शरीरातून गेल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, ईसीजी पुन्हा काढून घ्या. तेव्हाही क्यूटी लांबलेलाच असेल, तर तो दोष जन्मजात असू शकतो आणि घराण्यात उतरलेला असू शकतो. तसं निघालं तर त्याच्या बहीणभावांचा आणि आईवडिलांचाही ईसीजी काढायला हवा, त्यांनी आयुष्यात कधी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नसलं तरी. घराण्यात कुणी चाळिशीच्या आत अचानक, पोहताना, पळताना किंवा झोपेत गेलं असेल तर तेही हृदयरोगतज्ज्ञांना सांगा, आणि क्यूटी लांबवणाऱ्या औषधांची यादी त्यांच्याकडून मागून घ्या.